आनंदपेटीचा नवा मालक

आनंदपेटीचा मालक बदलल्याचा मेसेज चंद्रिकाच्या मोबाइलवर आला तेव्हा मी शेडच्या दारात बसून ज्वारी निवडत होते. तिने तो मोठ्याने वाचून दाखवला. जुने मालक निखिल सर यांनी कंपनी सोडली असून नवे मालक आदित्य सर यांनी कारभार हाती घेतला आहे. जुन्या सभासदांची सगळी कॉइन नवे मालक आनंदाने मान्य करत आहेत आणि रखडलेली बक्षिसे लवकरच घरपोच मिळतील. खाली जोडलेल्या हातांचं चित्र होतं आणि त्याच्याखाली आनंदपेटीचा हिरवा पोपट.

"बगितलं का अक्का," चंद्रिका म्हणाली, "मालकच बदलला."

"पोपट तोच हाय की," मी म्हटलं.

चंद्रिका माझी धाकटी जाऊ. शुक्रवार पेठेत आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथे कडक भाकरीचा धंदा चालतो. धंदा सासूबाईंचा. त्यांचं नाव कमलम्मा, पण आम्ही दोघी जावा त्यांना अत्ती म्हणतो, आणि पेठेतल्या ज्या बायका कामाला येतात त्याही अत्तीच म्हणतात. मी पॅकिंग बघते. तोंड मात्र मला आवरता येत नाही, असं अत्तींचं मत आहे आणि ते त्या दर आठवड्याला सांगतात.

कडक भाकरी एकटीचं काम नव्हे. एकीने पातळ थापायची, दुसरीने ती अलगद घेऊन भाजायची आणि मग निखाऱ्यापाशी उभी करून वाळवायची. थापणारीने हात आखडला की तवा रिकामा जळतो, भाजणारी रेंगाळली की थापलेली भाकरी परातीतच चिरते. म्हणून शेडमध्ये बायका जोडीने बसतात. चंद्रिका थापायची आणि सुंदरम्मा भाजायची. सुंदरम्मा वयाने मोठी, नवरा गेलेला, मुलगी नातेपुत्याला दिलेली, गल्लीच्या टोकाला एका खोलीत एकटी राहणारी. त्या दोघींचं इतकं जमायचं की मधून बोलायची गरज पडत नसे. तरी त्या दिवसभर बोलायच्या.

त्यांच्यात आनंदपेटी आणली ती चंद्रिकाने. तिला ती टेंभुर्णीच्या तिच्या भावजयीकडून मिळाली होती. आनंदपेटी ही एक वेबसाइट. मोबाइलवर जाहिराती बघायच्या, चाक फिरवायचं, प्रश्नांची उत्तरं द्यायची, म्हणजे कॉइन जमतात, आणि पुरेशी जमली की बक्षीस निवडायचं. चंद्रिकाने शेडमधल्या सगळ्या बायकांना सभासद केलं. पिठाच्या डब्यांना मोबाइल टेकवून ठेवलेले असत आणि पाच-सहा मोबाइलमधून एकाच केसाच्या तेलाची जाहिरात मागेपुढे चालू असे. भाकरी थापत थापत बायका प्रश्नांची उत्तरं सांगायच्या आणि जिचे हात कोरडे असतील ती बटण दाबायची.

एकदा प्रश्न आला, तुम्ही वर्षातून किती वेळा परदेशी जाता?

"लिही, दोनदा," सुंदरम्मा म्हणाली.

"कुटं जाता मावशी परदेशी?"

"नातेपुत्याला."

चंद्रिकाने दोनदा लिहिलं. त्याची कॉइनही मिळाली.

सुंदरम्माने बक्षीस म्हणून उभा पंखा निवडला होता. तिच्या खोलीचं छप्पर पत्र्याचं आहे आणि सोलापूरचा चैत्र-वैशाख काय असतो ते मी वेगळं सांगत नाही. पंखा कुठे ठेवायचा हे ठरवायला चंद्रिका तिच्या घरी गेली. खिडकीजवळच्या कोपऱ्यात सुंदरम्माचा पाण्याचा मोठा रांजण होता. दोघींनी मिळून तो उचलला, दाराजवळ आणून ठेवला आणि कोपरा झाडून घेतला. मुलगी नातेपुत्याहून फोनवर म्हणाली की आई, मी पंखा घेऊन देते, तर सुंदरम्मा ठसक्यात म्हणाली, "नको. माझा यायलाय."

त्या वर्षीच्या संक्रांतीला अत्तींनी निखिल सरांना शिदोरी पाठवली. ही अत्तींची पद्धत. कुणाशी नवा संबंध जोडला, कुणी नवं दुकान मांडलं, कुणाची नवी गादी लागली की आमच्याकडून कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी जायलाच हवी. माणूस चांगला की वाईट हे अत्ती नंतर बघतात. चंद्रिकाने मेसेज करून सरांचा पत्ता मागितला, त्यांनी पुण्यातल्या एका कुरियर ऑफिसचा दिला, आणि आम्ही डबा पाठवला. चटणी सुंदरम्माने स्वतः उखळात कुटली होती. सरांकडून उलट टपाली मोबाइलवर एक अंगठा आला. ते कधी फोन करत नसत, नेहमी लिहीतच.

पंखा काही आला नाही. पुरेशी कॉइन झाल्यावर स्क्रीनवर एक गोल फिरायला लागला आणि तो फिरतच राहिला. उन्हाळा लागला. ज्यांनी कुकर निवडला होता त्यांनाही कुकर आला नाही, पण त्यांच्याकडे जुना कुकर होता, त्या दोन शिव्या घालून मोकळ्या झाल्या. सुंदरम्माच्या खोलीत मात्र कोपरा रिकामा आणि रांजण वाटेत. येणाऱ्याजाणाऱ्याचा अंगठा त्याला लागायचा. मुलगी माहेरपणाला आली, कोपऱ्याकडे बघून हसली, आणि घामाघूम होऊन चार दिवस आधीच परत गेली.

एके दिवशी भाजता भाजता सुंदरम्माने हळूच विचारलं, "चंद्रिका, खरं सांग. ते फसवं हाय का गं?"

तेव्हा चंद्रिकाने सरळ हो म्हणायचं होतं. त्याऐवजी ती म्हणाली, "फसवं कसं आसंल? तुमी जाहिराती पूर्ण बगितल्या नसतील, मावशी."

सुंदरम्माने तव्यावरची भाकरी उतरवली, निखाऱ्याला लावली, आपलं उलथनं उचललं आणि पलीकडच्या चुलीवर जाऊन बसली. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, मी मध्ये पडून दोघींनाही चार शब्द सुनावले असते. पण भांडण झालंच नाही. त्या दिवसापासून चंद्रिका एकटीच थापायची आणि एकटीच भाजायची. एका कडेने तिच्या भाकऱ्या करपायच्या, दुसऱ्या कडेने चिरायच्या. तुटलेली भाकरी विकता येत नाही, ती घरी येते. आम्ही सगळे पावसाळाभर तिच्या अबोल्याचे तुकडे आमटीत कुस्करून खात होतो.

आणि आता म्हणे मालक बदलला.

चंद्रिकाचा चेहरा इतका उजळला होता की मला तिची कीव आली, आणि कीव आली की मला राग येतो. तिला पंख्याची पडली नव्हती. जुना मालक चोर होता आणि नवा सज्जन आहे, असं एकदा ठरलं की चंद्रिका कुठेच चुकलेली उरत नव्हती. सुंदरम्माच्या दारात पंखा उभा राहिला असता आणि झालं गेलं कुणी काढलं नसतं. माफी मागायचं काम तिने त्या आदित्य सरांवर सोपवलं होतं.

पण मी या पेठेत सून म्हणून आले त्याला बरीच वर्षं झाली, आणि दुकानांचे मालक बदलताना मी पुष्कळ पाहिले आहेत. नवा मालक आला की आधी पाटी बदलतो. देवाचा फोटो बदलतो, बसायची जागा बदलतो. आणि तुम्ही जुन्या व्यवहाराचं नाव काढलं की सगळ्यात आधी म्हणतो, त्याचं आमाला काही माहीत न्हाय, त्यालाच विचारा. दुकान विकत घेतलं आणि जुन्याने बुडवलेलं सगळं मी हसत देतो म्हणाला, असा माणूस मी तरी आजवर पाहिला नाही. उलट आमच्या मागच्या गल्लीत एक खानावळ होती. तिथल्या आमटीत एकदा नको ते निघालं आणि गिऱ्हाईक तुटलं. आठवड्याने दारावर 'मालक बदलला आहे' असा फलक लागला. आम्ही कौतुकाने जेवायला गेलो, तर गल्ल्यावर मेहुणा बसलेला आणि जुना मालक आत लसूण सोलत होता. आमटी तीच होती.

हे सगळं मी चंद्रिकाला सांगितलं. ती म्हणाली, "खानावळीचं वेगळं, अक्का. ही कंपनी हाय."

माझे यजमान सिद्धाराम यांनाही विचारलं. ते म्हणाले, "ऑनलाइनचं वेगळं असतं." काय वेगळं असतं ते त्यांना सांगता आलं नाही, पण आवाज ठाम होता.

दुसऱ्या दिवशी पुढचा मेसेज आला. बक्षीस पाठवण्याआधी नव्या मालकांना जुन्या सभासदांची ओळख पटवायची होती, म्हणून प्रत्येकीने आधार कार्डाचा आणि बँकेच्या पासबुकाचा फोटो पाठवावा. चंद्रिकाने तो शेडमध्ये सगळ्यांना ऐकवला. भाकऱ्या थापल्याचा आवाज तेवढा चालू राहिला.

"मी सांगते ना," चंद्रिका म्हणाली. "या बारीला खरं हाय."

मी मान खाली घालून पुडे बांधत राहिले. मला वाटलं, आता कुणी देत नाही आणि विषय मिटतो. पण सकाळी सुंदरम्मा कामाला आली ती प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार कार्ड आणि पासबुक घेऊन. चंद्रिका समोर असताना तिने ती पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि मला म्हणाली, "श्रीदेवी, हिला सांग, फोटू काढून झाला की परत दे. पासबुक जपून ठेव म्हणावं, दुसरं न्हाय माझ्याकडं."

एवढं होऊनही ती बाई पुन्हा विश्वास टाकायला तयार होती. पंख्यासाठी नव्हे, हे शेडमधल्या सगळ्यांना कळलं. बोलायचं कसं हे दोघींनाही सुचत नव्हतं आणि तिने आपल्याकडून पिशवी पुढे केली होती. मला इतका संताप आला की मी ती पिशवी रद्दीच्या गठ्ठ्याखाली सारली आणि चंद्रिकाला म्हटलं, "आता उजेड बरोबर न्हाय, दुपारी काढ." बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

दुपारी मी आणखी काय कारण काढणार होते कोण जाणे. पण तेवढ्यात फोनच आला.

चंद्रिकाचे हात पिठात होते. तिने कोपराने बटण दाबून स्पीकर लावला.

"नमस्कार, चंद्रिकाताई का? मी आदित्य बोलतोय. आनंदपेटीचा नवा मालक."

शेडमधले सगळे हात थांबले. मालक स्वतः फोन करतो, ही नवीनच गोष्ट होती. आवाज गोड होता, पुण्याकडचा.

"जुन्या व्यवस्थापनाने तुम्हाला फार त्रास दिला, हे ऐकून मला मनापासून वाईट वाटलं. तुमच्यासारख्या कष्टाळू भगिनींच्या बाबतीत असं व्हायला नको होतं. पण आता काळजी करू नका. फक्त ते आधार आणि पासबुकाचे फोटो संध्याकाळपर्यंत पाठवा."

चंद्रिकाने सुंदरम्माकडे पाहिलं. ऐकताय ना, असं ते पाहणं होतं. पलीकडच्या चुलीवर सुंदरम्मा उलथनं हातात धरून ऐकत होती.

मी टेबलावरूनच विचारलं, "जुने सर आता कुटं असतात वो?"

"ते ना? ते परदेशी गेले."

मला नातेपुतं आठवलं.

आता अत्ती उठल्या. त्या शेडच्या कोपऱ्यात आपल्या पाटावर बसलेल्या असतात आणि सहसा कुणाच्या फोनमध्ये पडत नाहीत. पण ही नव्या गादीची गोष्ट होती. त्यांनी मोबाइलजवळ तोंड नेलं आणि पैलतीरावर ऐकू जावं अशा आवाजात म्हणाल्या, "साहेब, नमस्कार. मी कमलम्मा, चंद्रिकाची सासू. तुमी नवीन गादीवर बसला, लई आनंद झाला. पत्ता सांगा. भाकरीचा डबा पाठवते."

"अहो आजी, कशाला उगाच?"

"तसं कसं? रीत हाय आमची."

"बरं, तुमचा आग्रहच असेल तर पाठवा. भाकऱ्या झकासच असतात तुमच्या. आणि आजी, एक करा. या वेळी चटणीत तिखट जरा बेताने घाला. मागच्या वेळी फार झालं होतं हो, मला दोन दिवस ताक पिऊन राहावं लागलं."

"बरं," अत्ती म्हणाल्या. "बेतानं घालू."

"पत्ता तोच, कुरियर ऑफिसचा. आणि फोटोंचं तेवढं विसरू नका."

फोन ठेवला गेला. पिठाच्या डब्याला टेकलेल्या दुसऱ्या कुठल्यातरी मोबाइलमधून केसाच्या तेलाची जाहिरात सुरू झाली आणि जिचा तो मोबाइल होता तिने तो पालथा घातला.

मी टाळी वाजवून हसणार होते. गेले दोन दिवस मी जे ओरडून सांगत होते ते त्या माणसाने आपल्या तोंडाने सांगितलं होतं. पण मी चंद्रिकाकडे पाहिलं आणि माझं हसू जागच्या जागी विरलं. ती पिठाच्या हातांनी तशीच उभी होती. कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली होती.

तेवढ्यात अत्ती पाटावर परत बसत म्हणाल्या, "जुन्यानं जाताना डबा तितंच सोडला आसंल. दुकानासंगं ह्याला मिळाला. खाल्ला आसंल यानं."

अत्तींनी हे भाबडेपणाने म्हटलं की मुद्दाम, ते मला अजून कळलेलं नाही. संक्रांतीचा डबा नव्या मालकाला आता भाद्रपदात मिळाला, असं मानायलाही कुणी शेडमध्ये नाही म्हणालं नसतं. अत्तींच्या शब्दाबाहेर तिथे कुणी जात नाही. चंद्रिकाने नुसतं "आसंल की" म्हटलं असतं तरी गोष्ट तिथेच झाकली गेली असती. सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. मीही बघत होते, आणि खरं सांगते, मला भीती वाटत होती की ही आता तेच म्हणणार.

चंद्रिकाने हात धुतले. पदराला पुसले. मग म्हणाली, "न्हाय अत्ती. मालक तोच हाय. पयल्यापास्नं तोच हाय."

ती पलीकडच्या चुलीपाशी गेली आणि सुंदरम्माच्या समोर उकिडवी बसली.

"मावशी, पंखा यायचाच नव्हता. तुमी जाहिराती पूर्ण बगितल्या व्हत्या. सगळ्या बगितल्या व्हत्या. माझ्या शेजारीच बसून बगितल्या की. मला ठाव होतं आन् तरी मी तुमच्यावर ढकललं. माझं चुकलं."

सुंदरम्मा तिच्याकडे पाहत राहिली. तिच्या तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, वास सगळ्या शेडभर झाला, पण तिने ती उलटली नाही. तिची करपलेली भाकरी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"तिखट म्हणला का तो?" ती अखेर म्हणाली.

"व्हय."

"माझी चटणी?"

"व्हय, मावशी."

"फुकटची खाऊन?"

चंद्रिकाने मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"मुडदा बशिवला त्याचा," सुंदरम्मा म्हणाली. "त्याला पोपटच खायला घाला."

तेव्हा मात्र शेडमधल्या सगळ्या एकदम हसल्या. अत्तीसुद्धा हसल्या, पण तोंडावर पदर घेऊन, कारण काही झालं तरी त्यांनी त्या माणसाला डबा कबूल केला होता.

सुंदरम्माने करपलेली भाकरी उतरवून माझ्याकडे दिली, घरच्यांसाठी. मग ती माझ्या टेबलापाशी आली आणि काही न विचारता रद्दीचा गठ्ठा उचलून खालची पिशवी काढून घेतली. मी ती तिथे सारताना तिने पाहिलं होतं, आणि सकाळपासून ती त्यावर एक अक्षर बोलली नव्हती. पिशवी कनवटीला खोचून ती उलथनं घेऊन चंद्रिकाच्या चुलीपुढे आपल्या जुन्या जागी जाऊन बसली. बसायचा पाट तिथे नव्हता, कुणीतरी तो कधीच दुसरीकडे नेला होता. ती तशीच जमिनीवर बसली.

"तवा तापलाय," ती म्हणाली. "थाप की."

चंद्रिकाने नाक ओढलं आणि पिठाचा गोळा घेतला. पहिली भाकरी तिला नीट जमली नाही. सुंदरम्माने ती तशीच उचलून तव्यावर टाकली.

"आन् संध्याकाळी घरला ये," ती भाकरीकडेच बघत म्हणाली. "रांजण परत कोपऱ्यात ठेवायचाय. एकटीला उचलत न्हाय."